दुसरा हात

यंत्र खोटं बोललं नव्हतं आणि हेमंत बोरीकरही खोटं बोलला नव्हता. समितीसमोर दोघांनीही आपापल्या परीने प्रामाणिक उत्तरं दिली होती. पुढे जे झालं ते त्या प्रामाणिकपणातूनच झालं, हे कळायला मात्र हेमंतला म्हातारा व्हावं लागलं.

तेव्हा तो आणि त्याची बायको शलाका यवतमाळच्या एका लहानशा जलसंशोधन केंद्रात काम करत होते. केंद्र म्हणजे एक बैठी इमारत, पुढे व्हरांडा आणि रस्त्यापलीकडे आलूबोंड्यांची टपरी. आसपासच्या बऱ्याच गावांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड होतं. असं पाणी दिसायला नितळ असतं. वर्षानुवर्षं पीत राहिलं की आधी दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मग सांधे धरतात. जांभुळधरा नावाच्या गावात शलाकाने चाळिशीची माणसं मांडी घालता येत नाही म्हणून बाजेवर पाय लांब करून जेवताना पाहिली होती. तिथून परतल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तिने पांढरे दाणे केले. तुरटीच्या पाण्यात सोडा घातला की दह्यासारखा पांढरा साका येतो. तो गाळायचा, त्यात धानाच्या तुसाची राख कालवायची, दाणे वळायचे आणि भट्टीत भाजायचे. मडक्याच्या तळाशी मूठभर दाणे ठेवले की फ्लोराइड त्यांत अडकून बसे. तुरटीचा हा गुण जुनाच होता. पण तसे दाणे थोड्याच दिवसांत दमत आणि शलाकाचे दाणे वर्ष झालं तरी दमत नव्हते.

केंद्राचे प्रमुख इंगळेसर जुन्या वळणाचे होते. त्यांनी एक रीत घालून दिली होती. तिला सगळे ‘दुसरा हात’ म्हणत. कोणाचाही शोधनिबंध बाहेर पाठवण्याआधी, ज्याने त्या कामाला बोटही लावलेलं नाही अशा माणसाने केवळ लिहिलेलं वाचून तो प्रयोग करून पाहायचा. माणूस चिठ्ठी काढून ठरायचा. लेखकाने त्या दिवशी इमारतीत पाऊल टाकायचं नाही. दिवसभर टपरीवर बसायचं. प्रयोग फसला तर सगळ्यांना आलूबोंडे लेखकाने खिलवायचे, जमला तर दुसऱ्या हाताने.

शलाकाच्या निबंधाला चिठ्ठी निघाली ती हेमंतच्या नावाची.

“सर, हे म्हणजे वरपक्षानेच पंच आणला की!” फरहाना म्हणाली. ती केंद्रातली सगळ्यात तरुण संशोधक होती आणि सरांसमोरही तिची जीभ थांबत नसे.

इंगळेसरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बोरीकर, जमेल?”

“सर, घरी सांगितलेलं एक काम हा नीट करत नाही,” शलाका म्हणाली. “इथे माझ्या बाजूने कशाला करेल?”

सगळे हसले. हेमंतही हसला, पण चिठ्ठी त्याने पुन्हा उघडून वाचली. तो तसाच होता. कुलूप लावून जिना उतरला की परत वर जाऊन ओढून बघणारा.

ठरल्या दिवशी सकाळी तो कामाला लागला. तुरटी, सोडा, साका, सगळं कागदावर लिहिलं होतं तसं. साका आला तेवढ्यात दारात केंद्राचे शिपाई गुलाबराव उभे राहिले.

“चाय झाली बाप्पा! ठेवा आता ते भांडे.”

पूर्वी कधीतरी कोणीतरी चहाच्या कपाशेजारच्या भलत्याच भांड्याला तोंड लावलं होतं. तेव्हापासून प्रयोगशाळेत चहा आणायला बंदी होती. चहा आला की ढवळणी बंद करायची, हात धुवायचे आणि सगळ्यांनी व्हरांड्यात यायचं. गुलाबरावांपुढे इंगळेसरांचंही चालत नसे. हेमंतने ढवळणी बंद केली. व्हरांड्यात फरहानाने तिच्या आतेभावाच्या लग्नातली भांडणं रंगवून सांगितली. मग तो आत आला, साका गाळला आणि पुढच्या कामाला लागला.

भाजलेले दाणे निवल्यावर परीक्षा. त्यासाठी एक लाल रंग असतो. पाण्यात फ्लोराइड असलं की तो उडून पिवळट पडतो. जांभुळधऱ्याच्या विहिरीचं पाणी दाण्यांतून गाळून हेमंतने त्यात तो रंग सोडला आणि वाट पाहिली.

रंग तसाच राहिला.

तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. पलीकडून शलाका ताडकन उठली. घाईत एक चप्पल टपरीवरच राहिली. “लाल?” तिने रस्त्यातूनच ओरडून विचारलं.

“लाल!”

त्या संध्याकाळी आलूबोंडे हेमंतने खिलवले.

*

नेमका त्याच वर्षी पडताळ्याचा कायदा आला.

तो उगाच आला नव्हता. दोनेक वर्षांपूर्वी काविळीवरच्या एका भुकटीचा निबंध छापून आला होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला, दुकानदारांनी भुकटी विकली आणि ती कोणी करूनच पाहिली नव्हती हे कळेपर्यंत कित्येकांची यकृतं निकामी झाली. हेमंतच्या ताईचे यजमान त्यातच गेले. तपासल्याशिवाय छापू नका, असं लोक रस्त्यावर उतरून म्हणाले. हेमंतही नागपूरच्या मोर्चात चालला होता.

म्हणून तीन शहरांत पडताळगृहं उभी राहिली. काचेच्या खोल्या आणि आत यांत्रिक हात. निबंध दिला की यंत्र तो वाचायचं, त्याच्या पायऱ्या पाडायचं आणि तिन्ही ठिकाणी एकाच वेळी प्रयोग करायचं. त्याला लेखकाचं नाव ठाऊक नसे. त्याला कोणाची भीड नव्हती आणि कंटाळा तर नव्हताच. निष्कर्ष जुळला तर पडताळा क्रमांक मिळे. क्रमांकाशिवाय कोणतंही नियतकालिक काही छापू शकत नसे.

शलाकाचे दाणे तिन्ही ठिकाणी फसले. तिने फेरपडताळणी मागितली. पुन्हा तिन्ही ठिकाणी रंग पिवळा पडला. मग नागपूरहून समितीचं बोलावणं आलं. लेखिकेला आणि मूळ प्रयोग डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराला. इंगळेसरांच्या रीतीमुळे असा साक्षीदार होता. एकच होता.

जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

“तुला पडताळाच नकोय का?” हेमंतने विचारलं.

“मी दिवसभर टपरीवर बसलेली बाई आहे. मला पडताळा नको कसा असेल?” शलाका म्हणाली. “पण छापायच्या आधी, एकदाच, एकाच तऱ्हेने तपासलं, तर चूक माझी की यंत्राची की कागदाची हे कोण सांगणार? छापलं तर दहा जण करून बघतील. चौघांचं जमेल, सहांचं फसेल. मग ते भांडतील. त्या भांडणातून काय ते कळतं. आता भांडायला माणूसच ठेवला नाही.”

“आणि भांडण मिटेपर्यंत लोकांनी ते खायचं? ताईच्या यजमानांनी खाल्लंच ना.”

शलाकाचा हात शेंगेवर थांबला. “नाही. ते तुझं खरं आहे.”

खाली कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“छापल्याने मेले त्यांची नावं सांगता येतात,” ती म्हणाली. “न छापल्याने कोणाचे गुडघे गेले तर ते नाव कुठे येत नाही. एवढाच फरक आहे बघ.”

हेमंतला तेही पटलं. तेच तर त्याचं दुखणं होतं. दोन्ही बाजू त्याला पटत आणि दोन्हींच्या मध्ये तो स्वतः कुठे आहे ते सापडत नसे.

“मी उद्या काय सांगू?”

“माझी बाजू अजिबात घेऊ नकोस,” शलाका म्हणाली. “तू काय पाहिलंस तेवढं सांग.”

*

समितीचे अध्यक्ष डॉ. तेलंग सौम्य गृहस्थ होते. त्यांनी दोघांना आधी पाणी विचारलं. मग भिंतीवरच्या पडद्यावर तिन्ही काचेच्या खोल्यांतलं चित्रण दाखवलं. यांत्रिक हात मापात, न थरथरता काम करत होते. शेवटी प्रत्येक नळीतला लाल रंग हळूहळू उडाला आणि पिवळट पाणी उरलं.

“बोरीकर, तुमच्या नळीतला रंग लाल राहिला?”

“हो.”

“तुम्ही स्वतः पाहिलात?”

“हो.”

“मग इथे प्रत्येक वेळी पिवळा का पडला असेल?”

“सांगता येत नाही.”

डॉ. तेलंगांनी समोरची फाइल मिटली. “मी आरोप करत नाही, गैरसमज नको. तुम्ही यांचे पती आहात. रंगाची छटा पाहणं हे शेवटी डोळ्यांचं काम. तुमच्या पाहण्यात काही… होऊ शकतं का तसं?”

होऊ शकतं का? हेमंतला व्हरांडा आठवला. पलीकडे दिवसभर बसून असलेली शलाका आठवली. त्या दिवशी सकाळपासून आपण मनातल्या मनात लाल, लाल म्हणत होतो हेही आठवलं. पडद्यावरचे हात कोणासाठीच काही म्हणत नव्हते. आणि मग ताईचा, यजमान गेल्यानंतरचा, कुंकू पुसलेला चेहरा समोर आला.

“मी पाहिलं,” तो म्हणाला. “पण तो लाल दिसावा असं मला फार वाटत होतं. आता खात्रीने नाही सांगता येणार.”

“म्हणजे साक्ष मागे घेता? घाई करू नका. फेटाळलेला निबंध पुन्हा उघडायचा तर साक्षीदार लागतो. याच पदार्थावर यांनी नवीन काही लिहिलं तरी ते याच प्रकरणाला जोडलं जाईल. आणि एकदा मागे घेतलेली साक्ष परत देता येत नाही.”

हेमंतने शलाकाकडे पाहिलं. ती समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती.

“घेतो,” तो म्हणाला.

डॉ. तेलंगांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली: ‘नात्यापेक्षा सत्य मोठे’. केंद्रात ती कोणी मोठ्याने वाचली नाही. फरहाना त्याच्याशी नेहमीसारखं बोलली, फक्त थट्टा करायची थांबली.

परतताना गाडीत, कळंब मागे पडल्यावर, शलाकाने एकच विचारलं होतं. “त्या दिवशी लाल होता का रे?”

“वाटला तसा.”

“वाटला,” ती म्हणाली आणि काच खाली केली.

*

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं हेमंतला पुढे पुष्कळदा वाटलं. जून उजाडला तशी शलाका जांभुळधऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला गेली. आधी शनिवार-रविवार घरी यायची, मग सणावारी, मग फोनवर गॅसची टाकी लावलीस का, आईंच्या गोळ्या आणल्यास का, एवढं उरलं. फेटाळलेल्या विषयाला पैसा मिळत नसे, म्हणून दुसऱ्याही कोणी त्या दाण्यांना हात लावला नाही.

हेमंतला नागपूरच्या पडताळगृहात निरीक्षकाची नोकरी मिळाली. निःपक्षपाती माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. निवृत्तीपर्यंत तो काचेबाहेर खुर्ची टाकून यांत्रिक हातांकडे बघत बसला. एक पायरी संपली की पापणी लवायच्या आत दुसरी सुरू. त्यांनी कितीतरी लबाड निबंध पकडले आणि त्यामुळे माणसं वाचली. हे हेमंतने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि याबद्दल त्याला शंका नव्हती.

निवृत्तीनंतर त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर शलाकाचे दाणे करायला घेतले. भाजायला एका ओळखीच्या कुंभाराची भट्टी मिळाली. निबंध पाठ झाला होता. तो लिहिल्याबरहुकूम करायचा आणि रंग पिवळा पडायचा. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपण बरोबर होतो. आणि प्रत्येक वेळी जेवण जात नसे.

एका सकाळी साका नुकताच आला होता आणि दारावरची बेल वाजली. सोसायटीचे सचिव वानखडे.

“बोरीकर साहेब, टाकीचं काय करायचं सांगा. तिसऱ्या मजल्यावाले म्हणतात आमच्या छतातून गळते, चौथ्यावाले म्हणतात तुम्हीच भिंत फोडली. मी मधल्या मधी मेलो ना!”

“बसा. चहा घेणार?”

“आता तुम्ही म्हणता तर. साखर चांगली टाका, घरी देत नाहीत.”

डॉक्टरांनी हेमंतचा चहा कधीच बंद केला होता. पण वानखड्यांनी एकट्याने प्यायला नकार दिला. मग टाकी, मग चौथ्या मजल्यावरची सून, मग वानखड्यांचं पोट. ते गेले तेव्हा साका भांड्यात तसाच बसला होता. टाकून द्यावा असं त्याला वाटलं. मग वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने तो गाळला आणि पुढचं सगळं उरकलं.

परीक्षेच्या वेळी रंग लाल राहिला.

हेमंत खुर्चीवर बसला. उठून त्याने नळी खिडकीपाशी धरली. मग दिव्याखाली धरली. मग ओट्यावरच्या, चहाची कड सुकलेल्या दोन कपांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि कुठूनतरी गुलाबरावांचा आवाज आला. ठेवा आता ते भांडे.

साका नुकताच आलेला असतो तेव्हा त्यातले कण सैरभैर असतात. ढवळणं थांबवून त्यांना काही वेळ एकटं सोडलं, तर ते एकमेकांना धरून जाळी विणतात. विरजण लावलेलं दूध जसं न हलवता ठेवावं लागतं, तसंच. लगेच गाळलं तर दाणा दिसायला तोच, पण आतून भरीव होतो. फ्लोराइडला शिरायला जागाच राहत नाही. शलाकाने ज्या ज्या वेळी दाणे केले, त्या त्या वेळी साका यायला आणि चहा यायला एकच गाठ पडली होती. त्या दिवशी हेमंतच्या वेळीही. निबंधात चहा कोण लिहितं? आणि यंत्राला चहा कोण विचारतं?

त्याने पुढच्या आठवड्यात दोन घाणे केले. एक थांबून, एक न थांबता. एक लाल, एक पिवळा. मग त्याने सकाळची जांभुळधऱ्याची एसटी पकडली.

*

शाळेच्या ओसरीवर पाण्याची मडकी रांगेने मांडली होती. मधली सुट्टी होती. पोरं पाणी पीत होती आणि अनोळखी म्हाताऱ्याकडे बघून हसत होती. त्यांचे दात पांढरेशुभ्र होते. हेमंतने एका मडक्याचं झाकण उचलून आत पाहिलं. तळाशी पांढरे दाणे होते.

शलाका प्रयोगशाळेत होती. केस पिकले होते, चष्मा आला होता. “अरे!” ती म्हणाली. “फोन तरी करायचास. जेवलास का?”

तो न बसताच सगळं बोलून गेला. वानखडे, चहा, साका, जाळी. त्याचं संपल्यावर तिने त्याच्यासमोर स्टूल सरकवलं.

“मला इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षीच कळलं,” ती म्हणाली. “साका आला आणि पोरांची मारामारी झाली म्हणून मी बाहेर धावले. परत आले, तर…”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? चहाचं?” तिच्या आवाजात राग नव्हता. “ते सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाला असतास, हो, लाल होता, मी पाहिला होता. कारण हातात आल्यावर कोणीही म्हणेल, हेमंत. मला ते कारण नसताना हवं होतं.”

तो स्टुलावर बसला.

“मला तरी तेव्हा कुठे कळलं होतं?” ती पुढे म्हणाली. “तेलंगांनी मला विचारलं असतं, का फसलं, तर मलाही सांगता आलं नसतं. पण ‘का’ ते सांगणं तुझं काम नव्हतंच. काय पाहिलंस, एवढंच सांगायचं होतं.”

“आपण परत अर्ज करू. मी लिहून देतो. शपथेवर.”

“मागे घेतलेली साक्ष, हेमंत.” ती हसली, थोडीच. “मी चौकशी केली होती. दोनदा. शेजारच्या गावांना दाणे द्यायलाही गेले होते. पडताळा क्रमांक नाही म्हणून ग्रामसेवक घेत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. भुकटीचं कोण विसरलंय? इथे सरपंचीणबाई माझ्या जबाबदारीवर घेतात, म्हणून हे एक गाव.”

खिडकीतून पलीकडच्या टेकडीवरची वस्ती दिसत होती. तिथल्या विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या.

“तिथे?” हेमंतने विचारलं.

“तिथे तेच पाणी पितात.”

घंटा झाली. शलाकाने खडूची पेटी उचलली. दाराशी जाऊन ती थांबली. टेबलावर एक काचेची नळी उभी होती, सकाळच्या मडक्यातलं पाणी घातलेली.

“माझा नववीचा तास आहे. त्याच्यात रंग टाकायचा राहिलाय, तेवढा टाकशील?” ती म्हणाली. “एसटी साडेतीनला आहे. डबा कपाटात आहे, खाऊन जा.”

तिची पावलं ओसरीवरून दूर गेली. वर्गातला गलबला एकदम थांबला आणि तिचा शिकवण्याचा आवाज सुरू झाला.

हेमंतने रंगाचे थेंब नळीत सोडले आणि वाट पाहिली. मग नळी उचलून खिडकीपाशी धरली. एकदाच धरली. दिव्याखाली नेली नाही.

“लाल आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “मी पाहिला.”

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.